गोदामाचं छप्पर

जुन्या गोदामात आता घरं झालीत, पोहण्याचा तलाव झालाय आणि मधे सगळ्यांना बसायला मोकळा चौक. तो बघायच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक.

"बाबा, ओळखीचं वाटतंय का काही?"

"ही फरशी. तडा गेलेली. इथून तेरा पावलं टाकलीस की उतार लागेल."

"अकरा, बारा… अय्या, खरंच की!"

"एकतीस वर्षं पोती वाहिलीत इथे."

"आणि छप्परही तेव्हाचंच ठेवलंय म्हणे."

"कुठलं छप्पर?"

"अहो, वर बघा ना!… बाबा? काय झालं?"

"बाप रे! केवढं उंच गं हे! आणि त्या लाकडी कमानी! एवढं सगळं आमच्या डोक्यावर होतं?"

"म्हणजे, तुम्ही कधी बघितलंच नाहीत?"

"पाठीवर पोतं असलं की मान वर होत नाही, बाळा. आणि ते उतरवलं की पुढच्यासाठी पळायचं."

"आजोबा, पुढे सरका, रांग खोळंबलीय," रखवालदार म्हणाला.

"सरकतो हो. दोन मिनिटं बघू द्या. आज पाठ रिकामी आहे."