पाकीट उपासाला चालतं का?

अरे, मानपाड्याच्या गाळ्यात मी प्लास्टिकऐवजी समुद्री शेवाळापासून पाकिटं बनवतो ना, त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे उपासाचा चिवडा विकणाऱ्या कोपरच्या एक काकू. पाकीट दमट हवेत टिकेल का, तेल झिरपेल का, सगळी उत्तरं पाठ करून गेलेलो. काकूंनी एकच विचारलं, "हे उपासाला चालतं का?"

हे मात्र पाठ केलं नव्हतं. म्हटलं, "काकू, उपासाला चालतं ते चायना ग्रास पण शेवाळाचंच असतं. हे खाल्लं तरी चालतं."

त्यांनी नाव छापलेला कोपरा फाडला, तोंडात टाकला, चावून गिळला. "बरं, चालेल," म्हणाल्या. हुश्श करतोय, तेवढ्यात त्यांनी उरलेलं पाकीट डोळ्यांजवळ धरलं.

"आणि ही शाई कशाची रे? आज एकादशी आहे माझी."