सिक्स सेवनचा अर्थ धनश्रीला विचारा

...त्या रात्री झोप कशी लागणार होती, तुम्हीच सांगा. उशाशी शाळेची डायरी, डायरीत लाल शाईचा शेरा, तोही दुसरा, आणि तिसरा मिळाला की पोरगी आठ दिवस घरी, हे ॲडमिशनच्या वेळी मीच सही करून कबूल केलेलं, न वाचता, कारण तेव्हा मला वाटलं होतं, लाल शेरे काय, ते दुसऱ्यांच्या पोरांना मिळतात... आणि शेरा काय, तर 'कु. अंकिता वर्गात वारंवार सिक्स सेवन असे म्हणते. पालकांनी याचा अर्थ लेखी कळवावा व समक्ष भेटावे.' लेखी कळवावा म्हणे. अहो, मला तोंडी येत नव्हता!

बरं, सांगायचं कुणाला? आमच्या घरात कसलाही कागद आला, कसलाही शब्द आला, की तो माझ्याकडं येतो, कारण मी शिकलेली. शिरूरच्या कॉलेजातून बी.एस्सी., पासष्ट टक्के, आणि ते टक्के आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लग्नात जेवायला बसलेल्या पंगतीत फिरून फिरून सांगितलेले. तेव्हापासून मेंढरांच्या जंताच्या औषधाची बाटली असो, बँकेचा मेसेज असो, आमच्या ह्यांच्या कुरकुंभच्या कंपनीतली सेफ्टीची नोटीस असो, आबा लांबूनच हुकूम सोडतात, "धनश्रीकडं द्या, ती शिकलेली हाय." एकदा नव्या कुकरबरोबर आलेला कागद त्यांनी माझ्याकडून अख्खा वाचून घेतला. त्यात मधलं एक पान चिनी भाषेत होतं. तिथं मी अडखळले, तर म्हणतात कसे, "दमानं वाच, घाई न्हाई." मग काय करता... वाचलं. दोन परिच्छेद वाचले. शिट्टी पुसून ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा, असं काहीबाही.

तर हे असं आधीपासूनचं आहे. मी काही एका दिवसात खोटारडी झाले नाही.

मग एक दिवस दुपारी आबा भाकरी खाताना म्हणाले, "अंके, किती वाजलं बघ गं." अंकिता आमची तिसरीत, आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळं बोलते त्यातलं निम्मं वाऱ्यावर जातं. ती म्हणाली, "सिक्स सेवन," आणि दोन्ही तळहात तराजूच्या पारड्यांसारखे वर-खाली, वर-खाली. आबांनी घड्याळाकडं बघितलं, साडेबारा झालेले. मग नातीकडं बघितलं, ती जमिनीवर लोळून हसत होती. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणली ती?"

आता मला म्हणता आलं असतं की नाही, आबा, मला माहीत नाही? आलं असतं. पण ते पासष्ट टक्के आडवे आले. मी म्हणाले, "म्हणजे... ठीकठाक. बरं चाललंय, असं." कुठून आलं तोंडात, देव जाणे. आबांनी मान हलवली, घास गिळला, आणि शब्द ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "आबा, गुडघा कसा आहे?" आबा दोन्ही हात वर-खाली करत म्हणाले, "सिक्स सेवन." डॉक्टरांनी गुडघा ठेवला बाजूला आणि आधी हात तपासले. संध्याकाळी डेअरीवर शंकररावांनी विचारलं, "काय आबा, पाऊसपाणी?" "सिक्स सेवन." चार दिवसांत माझ्या सासूबाई रतनबाई आमटी चाखून म्हणायला लागल्या, "मीठ सिक्स सेवन पडलंय." आणि हे सगळं कुणामुळं? माझ्यामुळं. कारण मी शिकलेली.

मग मी खरा अर्थ शोधायला निघाले. आमच्या ह्यांना, संपतरावांना, म्हटलं, अहो, तुमच्या कंपनीत कोवळी कोवळी पोरं आहेत, विचारा की कुणाला. ह्यांनी विचारलं एका बिहारच्या ऑपरेटरला. तो म्हणाला, "भाभीजी को बोलिए, इसका कोई मतलब नहीं है. बस, बोलते हैं." हे एवढा निरोप देऊन घोरायला लागले. म्हणजे बघा, एका माणसाला कळतं की शब्दाला अर्थच नाही, आणि त्याला झोप येते... मोबाईलवर शोधलं, तिथंही तेच. शेवटी पोरीलाच धरलं.

"अंकू, सिक्स सेवनचा अर्थ काय गं?"

"अर्थ नसतो, मम्मी."

"मग म्हणतेस कशाला?"

"सगळे म्हणतात ना."

"पण का म्हणतात?"

त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं... असं माझी सासूसुद्धा कधी बघत नाही हो. आणि मला केंदूरची माझी आई आठवली. मी शिरूरच्या होस्टेलवरून 'चिल मार' शिकून आले होते, तर ती बिचारी दोन दिवस माझ्या कपाळाला हात लावून ताप बघत होती. तेव्हा मी खूप हसले होते. आता कळतंय, ती ताप बघत नव्हती. पोरगी अजून हाताला लागते का, ते बघत होती. तर मला खरी धास्ती ही होती, शेरा राहिला बाजूला.

असो. शुक्रवारी शाळेत जायचं ठरलं, तर आबा खांद्यावर घोंगडी टाकून रिक्षात माझ्या आधी बसलेले. "मी बी येतो. नातीचा विषय हाय."

वर्गशिक्षिका अनुपमा मॅडम, वय माझ्याहून चार वर्षांनी कमी, डोळ्यांखाली माझ्याहून जास्त काळं. म्हणाल्या, "गणिताचं पुस्तक सहासष्टाव्या पानावर अडकलंय. पुढचं पान उघडा म्हटलं की बेचाळीस मुलं हात हलवतात. एकदम अडुसष्टाव्या पानावर उडी मारली, तर विचारतात, मॅडम, मधलं पान? काल तेहतीस अधिक चौतीस दिलं फळ्यावर, तास तिथंच संपला. आणि सुरुवात करते तुमची अंकिता. तुम्ही सायन्स ग्रॅज्युएट आहात म्हणे. सांगा ना, अर्थ काय याचा? मी तरी काय समजू? चांगलं आहे की वाईट आहे?"

आबा खुर्चीत सरसावून बसले. "सांग पोरी."

एका बाजूला मॅडम, हातात लाल पेन. दुसऱ्या बाजूला आबा, चेहऱ्यावर माझे पासष्ट टक्के. ठोकून द्यावं का पुन्हा? ते लेखी द्यायचं होतं. खोटं बोलायला माझी हरकत नसते, पण खाली सही करायची म्हणजे...

"मला माहीत नाही, मॅडम. आबा, तेव्हाही नव्हतं. ठीकठाक वगैरे मी ठोकून दिलं होतं."

आबा म्हणाले, "म्हंजी मी डाक्टरला काय बोललो?"

"काहीच नाही, आबा."

"आन् शंकररावाला?"

"त्यांनाही काही नाही."

मला वाटलं, आता उठतील आणि चालू लागतील. तर ते मॅडमकडं वळले. "मॅडम, असं बघा. जवा आम्ही मेंढरं घेऊन हिंडायचो, तवा पाणवठ्यावर माझा कळप आन् म्हस्कूचा कळप एकात एक व्हायचा. पाचशे मेंढरं, समदी सारखी. मग म्हस्कू त्याची हाक मारायचा, मी माझी. माझी मेंढरं माझ्याकडं, त्याची त्याच्याकडं. आता त्या हाकेचा अर्थ काय म्हणाल, तर काय बी न्हाई. आपला कळप कुठं हाय एवढं मेंढराला कळतं, बास. पोरांचं बी तसंच असंल की."

मॅडम म्हणाल्या, "ते ठीक आहे, आजोबा, पण मी माझा कळप सदुसष्टाव्या पानावर न्यायचा कसा?"

आबा उठले. मी म्हणतेय, आबा, नको, आबा, शाळा आहे... पण ते वर्गाच्या दारात पोहोचलेसुद्धा. आत बेचाळीस तराजू वर-खाली चाललेले. आबांनी तोंडाशी हात धरला आणि पोटातून हाक काढली, "हिर्रर्र... यो... हो... हो..." पत्र्यावरची कबुतरं उडाली. शिपाई चहासकट बाहेर आला. आणि बेचाळीसच्या बेचाळीस पोरं तोंडं उघडी टाकून गप्प. मॅडमनी तेवढ्यात पान उलटलं आणि उदाहरण घातलं. आम्ही निघताना अंकूच्या डायरीतला शेरा त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला.

येताना रिक्षात आबा म्हणाले, "पोरी, ते कुकरच्या कागदावरचं मधलं पान?"

"तेही ठोकूनच दिलं होतं, आबा."

"असं." घोंगडी सावरत म्हणाले, "वाचलंस मातर झकास."

तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून मी आठ दिवस अशी झोपले म्हणून सांगू. ना शेरा, ना सिक्स सेवन, ना कुणाला अर्थ सांगायचा. आणि काल दुपारी शाळेची व्हॅन वळणावर दिसायच्या आधी ऐकू आली... बारा पोरांच्या गळ्यातून, "हिर्रर्र... यो... हो... हो..." रस्त्याकडेच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. दारात आबा बसलेले, त्यांची छाती दोन इंच फुगली. अंकू व्हॅनमधून उतरली, आधी त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली, मग माझ्याकडं आली, दप्तरातून डायरी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली,

"मम्मी, मॅडमनी लाल पेननी लिहिलंय. आबांच्या हाकेचा अर्थ उद्या लेखी पाहिजे. मी आबांना विचारलं, तर ते म्हणले, मम्मीला विचार, ती शिकलेली हाय."