निळी पट्टी, दोन्ही टोकांना

"ताई, या वायरींना रंगीत पट्ट्या कशाला? त्यांचा वाढदिवस आहे का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून एका शाळकरी मुलीने स्टेजच्या कडेला बसलेल्या साउंडवाल्या ताईंना विचारलं खरं, पण उत्तराआधी पडद्यामागून गायिकेचीच हाक आली.

"अगं, माझा माईक गेला! आता पडदा उघडेल!"

"दादा, निळ्या पट्टीची वायर बघ!" ताईंनी पडद्यामागच्या आपल्या मदतनिसाला ओरडून सांगितलं.

"इथे नुसता गुंता आहे गं! कुठली ओढू?"

"ओढू नकोस, सगळा कार्यक्रम आडवा होईल! निळी पट्टी दोन्ही टोकांना आहे. इकडचं मी धरलंय, तिकडचं तू शोध."

"सापडलं! कुणाच्या तरी पायाने निसटलंय."

"बसव घट्ट."

खट्! आणि गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा अख्ख्या सभागृहात भरून राहिला. मुलीच्या अंगावर सरसरून काटा आला.

"हं, वाढदिवसाचं काय म्हणत होतीस?"

"काही नाही. ताई, एक पट्टी मी लावू?"

"लाव. पण एकच टोक करून पळायचं नाही हं!"

घरी चपला काढायच्या आधीच तिने जाहीर केलं, "आई, बाबा, शनिवारपासून मी साउंडवाल्या ताईंकडे शिकायला जाणार. आणि टीव्हीमागच्या वायरींना आजपासून कुणी हात लावायचा नाही!"