वहीतले सुरुंग

सुरुंगवाला: मग हे एकतीस सुरुंग कोणी लावले म्हणतोस?

निरीक्षक: कोणी म्हणजे? तूच. जमीन हादरली की माझ्या भूकंपमापकाची सुई हलते आणि मी वहीत लिहितो, 'दगडखाण, सुरुंग'. इतकी वर्षं हेच चाललंय.

सुरुंगवाला: अरे, खाण बंद आहे. खडीचं यंत्र मोडलंय. नऊ दिवस मी घरी लोळतोय, बायको वैतागून गेलीय.

निरीक्षक: थट्टा नको.

सुरुंगवाला: थट्टा माझी की तुझी? हे वाच. पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. पहाटे कोण सुरुंग उडवतं?

निरीक्षक: मला वाटलं, काम वाढलं असेल. दोन पाळ्या लावल्या असतील.

सुरुंगवाला: एक फोन करायचास.

निरीक्षक: अंतर जुळत होतं रे. हादऱ्याच्या दोन लाटा येतात. एक पुढे धावते, दुसरी मागून येते. मधली सेकंदं मोजली की हादरा किती लांबून आला ते कळतं. तुझ्या खाणीचे चार सेकंद. यांचेही चारच.

सुरुंगवाला: मग खाणीतूनच आले असतील.

निरीक्षक: अंतर कळतं, दिशा नाही. नेमकी जागा काढायला तीन ठिकाणची यंत्रं लागतात. बाकीची केंद्रं लांब आहेत, एवढे बारीक हादरे तिथे पोचत नाहीत. तो नकाशा सरकव. चार सेकंद म्हणजे साधारण बत्तीस किलोमीटर. हे बघ वर्तुळ. ही तुझी खाण, बरोबर रेघेवर.

सुरुंगवाला: आणि रेघेवर या बाजूला काय आहे?

निरीक्षक: ताईचं वसतिगृह.

सुरुंगवाला: तुझ्या सख्ख्या बहिणीचं? साठ मुली आहेत ना तिथे? जुनी दगडी इमारत.

निरीक्षक: हो.

सुरुंगवाला: खाली चाललंय तरी काय?

निरीक्षक: खडक एकमेकांना रेटतात आणि अडकून बसतात. ताण साठत जातो. फुगलेल्या दाराला खांदा लावावा आणि ते एकदम सुटावं, तसं होतं.

सुरुंगवाला: आमच्याकडे कडा सुटायच्या आधी बारीक तडतड होते. आम्ही तेवढ्यात पळतो.

निरीक्षक: जमिनीचं तसं नसतं. कधी तडतड होऊन सगळं शांत होतं. कधी होत नाही. आधी कोणालाच सांगता येत नाही.

सुरुंगवाला: पण आकडे तर किरकोळ आहेत. दोन, अडीच.

निरीक्षक: कालचा तीन आहे. आकडा एकाने वाढला की ताकद तीसपट होते. पुढचं गणित मला करायला लावू नकोस.

सुरुंगवाला: वरच्या कार्यालयाला कळव.

निरीक्षक: रोज कळवतोय. 'विशेष काही नाही.' नऊ दिवस, माझ्या सहीनं. आता खरं सांगितलं तर नोकरी गेलीच समज. मला भीती वाटतेय रे.

सुरुंगवाला: मी काय सांगू तुला? फोन तुझ्या हाताशी आहे.

निरीक्षक: कार्यालयाला लगेच करतो. आधी ताईला.

(फोन लागतो. ताईचा आवाज दोघांनाही ऐकू येतो.)

निरीक्षक: ताई, मुलींना मैदानात आण. इमारतीपासून, भिंतींपासून, विजेच्या तारांपासून लांब.

ताई: आत्ता? जेवायला बसल्यात त्या.

निरीक्षक: ताटं राहू देत. आणि निघता निघता हललं, तर जिन्याकडे धावायचं नाही. काचेपासून दूर, मजबूत टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. थांबलं की मग बाहेर.

ताई: भूकंप होणार आहे का?

निरीक्षक: माहीत नाही. झाला नाही तर माझ्या नावानं खडे फोड, पण आधी बाहेर निघ.

ताई: थांब जरा. अगं, घंटा वाजव, सगळ्यांना मैदानात चला म्हणावं. हं, बोल. आज असं काय झालं?

निरीक्षक: आज नाही. नऊ दिवस हादरे येतायत. मी ते खाणीतले धरले.

ताई: नऊ दिवस?

निरीक्षक: हो.

ताई: मुली रोज सांगत होत्या, खिडक्या वाजतात, पलंग हलतात. बाहेर झोपू द्या म्हणून रडल्या. मीच त्यांना समजावून आत झोपवलं. म्हटलं, माझा भाऊ त्या यंत्रावर आहे, तसं काही असतं तर त्यानं सांगितलं असतं.