मठातले पावणेआठ

(ग्रीसमधल्या एथॉसच्या डोंगरावरचा एक मठ, ऑगस्टमधली दुपार. फोनच्या या टोकाला मठाचा संगणक सांभाळणारे फादर पार्थेनिओस. त्या टोकाला, थेस्सालोनिकी शहरातल्या कचेरीतून त्याच संगणकाची देखभाल करणारी एवान्थिया. बाहेर अंगणात, घंटेपाशी, म्हातारे साधू अकाकिओस.)

पार्थेनिओस : हिरवे. पुन्हा सांगतो बाई, नकाशावरचे सगळेच्या सगळे ठिपके हिरवे आहेत. पडद्यावर काहीही पेटलेलं नाही. पेटलंय ते खिडकीबाहेर.

एवान्थिया : किती जवळ?

पार्थेनिओस : ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता? अंगणातलं सरूचं झाड दिसत नाही. सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा झालाय. कळफलकावर राख पडतेय, मी फुंकतोय.

एवान्थिया : आगीच्या बंबाला कळवलंत?

पार्थेनिओस : तीनदा. म्हणाले, गाडी निघाली. तिन्ही वेळा निघाली.

एवान्थिया : रानात धूर हुंगणारे खांब आहेत, ते काय झोपलेत? एकही बोलत नाही?

पार्थेनिओस : एकही नाही. पडदा बघितला तर वाटेल, वसंत ऋतू आहे.

एवान्थिया : आणि मला इथून तुमच्या संगणकात शिरता येत नाहीये. मंगळवारी मी कर्नेल बदललं, म्हणजे यंत्राचा आतला गाभा, नवा आला होता तो बसवला. तेव्हापासून ते मला दारातच अडवतंय.

पार्थेनिओस : या डोंगरावर बायकांना बंदी आहे ना, तुम्ही बाई आहात हे कळलं असेल त्याला.

एवान्थिया : फादर, आत्ता नको.

पार्थेनिओस : मी घाबरलो की असं बोलतो. माफ करा.

अकाकिओस : अरे पार्थेनिओस, दोर हातात धरून उभा आहे मी! वाजवू का घंटा?

पार्थेनिओस : थांबा हो अकाकिओस!

अकाकिओस : किती थांबू? माझी दाढी पेटेपर्यंत?

एवान्थिया : घंटा कशासाठी?

पार्थेनिओस : वर खोपटात आमचा एक एकांतवासी राहतो, लव्रेन्तिओस. ना फोन, ना वीज. त्याच्याशी ठरलंय ते एवढंच : घंटा वाजली की चेस्टनटच्या रानातल्या पायवाटेने मठात यायचं. लाकडाची फळी बडवली की उलट्या बाजूने, कड्यावरून समुद्राकडे उतरायचं. धुरात त्याला काही दिसत नसणार. जे वाजेल ते ऐकणार. आग रानात असली आणि आम्ही घंटा वाजवली, तर आम्हीच त्याला आगीत बोलावलं. आग कड्याखाली असली आणि फळी बडवली, तरी तेच.

एवान्थिया : थानासिस.

पार्थेनिओस : कोण?

एवान्थिया : तुमचा लव्रेन्तिओस. घरी तो थानासिस होता. माझा भाऊ आहे तो, फादर.

पार्थेनिओस : ...हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

एवान्थिया : तुमच्याकडे आलं की माणसाचं जुनं नावसुद्धा राहत नाही, बहीण कुठून राहणार? मी तुमचा संगणक बघते हेही त्याला ठाऊक नसणार. अकाकिओसना सांगा, दोर सोडा. हात लावू नका म्हणावं. कशालाच.

पार्थेनिओस : अकाकिओस, दोर सोडा!

अकाकिओस : सोडला! पण खेचरं दावं तोडून पळाली, एवढं ऐकून ठेव. त्यांनी संगणकाला विचारलं नाही!

एवान्थिया : फादर, यंत्राची वेळ बरोबर आहे? वेळ चुकली तर ते मला आत घेत नाही. आणि खांबांचे निरोपही फेकून देतं. प्रत्येक निरोपावर वेळ असते, ती जुळली नाही तर निरोप खोटा समजतं.

पार्थेनिओस : वेळ अगदी बरोबर आहे. देवळातल्या घड्याळाशी मी स्वतः जुळवून बघतो.

एवान्थिया : नक्की?

पार्थेनिओस : मिनिटाचा फरक नाही.

एवान्थिया : मग केबल असेल. मागची निळी केबल काढा, परत घाला.

पार्थेनिओस : काढली. घातली. हिरवेच.

एवान्थिया : बंद करून चालू करा.

पार्थेनिओस : करतो. बाई... आता आवाज येतोय. काहीतरी तडतडतंय. कुठल्या बाजूला ते कळत नाही, चहूकडूनच येतोय.

एवान्थिया : सुरू झालं का?

पार्थेनिओस : झालं. हिरवे.

एवान्थिया : असं कसं होईल! कोपऱ्यातली वेळ वाचा. तुम्हाला बरोबर वाटते म्हणून सांगू नका, वाचा.

पार्थेनिओस : पावणेआठ.

एवान्थिया : पावणेआठ? फादर, आत्ता चार वाजलेत!

पार्थेनिओस : तुमच्याकडे. इथे सूर्य मावळला की बारा. काल मावळला त्याला...

एवान्थिया : अरे देवा. तुमची मठातली वेळ! तुम्ही ती संगणकाला लावलीत?

पार्थेनिओस : वर्षानुवर्षं लावतोय. रोज सूर्यास्ताला लावायची, आणि ते पाच मिनिटांत आपल्या मनाने बदलायचं. हट्टी होतं. मंगळवारी पहिल्यांदा ऐकलं त्याने माझं. मी मेणबत्ती लावली.

एवान्थिया : ऐकलं नाही हो, गप्प बसलं! जुना गाभा बाहेरून खरी वेळ आणून तुमची चूक पुसायचा. नव्याबरोबर वेळ जुळवणारा प्रोग्रामही नवा आला. त्याला एवढा मोठा फरक दिसला की तो कुणाचंच खरं मानत नाही, हात बांधून बसतो. मी बसवला आणि तपासलं नाही. चार वाजवा, फादर. आत्ता.

पार्थेनिओस : पासवर्ड मागतंय... दिला. फुटबॉलच्या एका संघाचं नाव आहे, कुठला ते विचारू नका. चार वाजवले. सूर्य वर असताना चार! हिरवे.

एवान्थिया : मला अजून दारातच उभं केलंय.

अकाकिओस : कुंपणापाशी ठिणग्या पडताहेत रे! मी घंटा वाजवतो! वाट निदान पायाखालची आहे त्याच्या!

पार्थेनिओस : नाही! तुम्हाला कालच्या सणाच्या माशाची शपथ!

एवान्थिया : कसला सण?

पार्थेनिओस : काल नाही का, प्रभूच्या रूपांतराचा. ऑगस्टच्या उपासांत एकदाच मासा मिळतो, अकाकिओस त्यासाठीच जगतात.

एवान्थिया : काल? तो सण इथे कधीच होऊन गेला. आईने मासा केला होता, त्याला दोन आठवडे... फादर, संगणकावर तारीख काय आहे?

पार्थेनिओस : बरोबर आहे. सात ऑगस्ट.

एवान्थिया : वीस आहे! जगात आज वीस ऑगस्ट आहे! तुम्ही पंचांगही मठाचंच लावलंत, तेरा दिवस मागे चालणारं जुनं! खांब सांगताहेत, वीस तारखेला आग लागली. यंत्र म्हणतंय, मग मला आज सात तारखेला कशाला उठवता?

पार्थेनिओस : प्रभू, दया कर. वीस... वीस लावली.

एवान्थिया : उघडलं! मी आत आले.

पार्थेनिओस : बाई, पडद्यावरचा बाण आपोआप हलतोय.

एवान्थिया : ती मी आहे.

पार्थेनिओस : म्हणजे तुम्ही... मठात?

एवान्थिया : कुणाला सांगू नका. निरोप घेणारा प्रोग्राम पुन्हा सुरू करते. बघा आता. डोळे हलवू नका.

पार्थेनिओस : एक लाल झाला. दुसरा. अजून... थांबतच नाहीत. सगळे रानातले आहेत. पायवाट अख्खी लाल आहे. खोपटाच्या खालपर्यंत.

एवान्थिया : कड्याची बाजू?

पार्थेनिओस : हिरवी.

एवान्थिया : हे हिरवं खरं आहे, फादर. फळी.

पार्थेनिओस : अकाकिओस! फळी! घंटा नाही, फळी बडवा!

अकाकिओस : आता कसं! सरका सगळे!

एवान्थिया : ऐकू येतंय मला. इथवर येतंय. पण त्याला? एवढ्या धुरात?

पार्थेनिओस : धूर डोळ्यांना अडवतो. कानांना नाही.

एवान्थिया : आणि घाबरून तो आधीच पायवाटेने निघाला असेल तर?

अकाकिओस : गप्प बसा सगळे! ऐका. वरून वाजतंय!

पार्थेनिओस : त्याच्या खोपटातली छोटी फळी. तो वाजवतोय, बाई.

एवान्थिया : कुठून? कुठल्या बाजूने?

पार्थेनिओस : थांबलं... पुन्हा. पहिल्यापेक्षा खालून. कड्याकडून. फळी घेऊन उतरतोय तो, वाजवत वाजवत.

अकाकिओस : मी होडी काढतो खाली. पार्थेनिओस, फोन ठेव आणि फळीला ये. थांबू देऊ नकोस.

पार्थेनिओस : आलोच. बाई, तुम्ही रडू नका.

एवान्थिया : रडत नाहीये. तो खाली पोचला की फक्त मला कळवा. त्याला माझं नाव नका सांगू. त्याला आठवण नको असेल.

पार्थेनिओस : शनिवारी पाव न्यायला उतरतो तेव्हा तो कुणाशी बोलत नाही. मला एक प्रश्न मात्र न चुकता विचारतो : तुमचा संगणक नीट चालतोय ना? मी मनात म्हणायचो, याच्या खोपटात दिवासुद्धा नाही, याला काय करायचंय.

एवान्थिया : ...तुम्ही काय सांगायचात?

पार्थेनिओस : सांगायचो, चालतोय. थेस्सालोनिकीहून कुणीतरी मन लावून बघतं. घड्याळ तेवढं हट्टी आहे.