पंधराव्या रांगेतलं इंजन

गुणाबाई : “पाहू नोको, आधी उलटा हात लाव. तापलं का नाई, ते डोळ्याले नाई कळत.” लग्न होऊन वडस्याले आली अन् तुह्या मामाजीनं मले पहिल्यांदा इंजन दाखवलं, तेव्हाचं त्यायचं बोलनं आहे हे. मी नवी नवरी, अन् हे म्हनतात चाकाच्या डब्याले हात लाव.

प्रफुल : मंग, लावला?

गुणाबाई : लावला ना. हळदीचा हात काळाकुट्ट झाला. सासूबाईनं त्या दिवशी कणकेले हात लावू देला नाई.

प्रफुल : तसा इथीपन नोका लावू, मामी. वार्निश अजून ओलं आहे. दुरूनच पाहा. तिकडे दाराजवळ उभ्या राहा. अजून थोडं मांगं. हां, आता पाहा.

गुणाबाई : पाह्यलं.

प्रफुल : पाह्यलं म्हणजे? काय पाह्यलं, ते तं सांगा.

गुणाबाई : इंजन.

प्रफुल : इंजन तं मामाजी होते तेव्हापासून आहे. तांब्याच्या नळीचं बॉयलर, तेलाच्या पिप्याच्या पत्र्याची केबिन, चाकं फिरतात, दांडे हालतात. सगळं चालतं केलं त्यायनं. पण अंगावर काईच नव्हतं बिचाऱ्याच्या. मी त्याले कपडे घातले. हा धुराड्याखालचा गंज पाहा. हा पाण्याचा ओघळ. अन् बॉयलरवरचे हे रिव्हेट पाहा, एकेकाखाली सावली अन् डोक्यावर उजेडाचा ठिपका. नाटकाच्या पंधराव्या रांगेत बसलेला माणूस म्हणन, हाताले टोचतील.

गुणाबाई : सुरेख झालं, बापा. सकाळी दिवा लावताना नजर गेली तं वाटलं, आता वाफ सोडते का काय.

प्रफुल : हे आधी सांगाचं ना. तुम्ही तारीफपन उपासाच्या फराळावानी वाढता, मामी, एवढीशी. अन् ते तुमचे इसरूभाऊ, ते तं तेवढीही नाई. त्यायच्या सुनेच्या मोबाईलवर फोटो पाठवले. समोरून, बाजूनं, वरून, एक तं जमिनीवर आडवा होऊन काढला. पाह्यल्याची निळी खूण आली. उत्तर नाई. बरं झालं म्हणाले काय जाते माणसाचं?

गुणाबाई : निरोप देला होता की त्यायनं. फोटो नोका पाठवू, आनून हाती द्या म्हने.

प्रफुल : तोच तं तोरा. छोट्या लाईनच्या इंजनाचं असं काम इकडे कोणी केलं नसन, अन् हे फायरमन साहेब म्हणतात फोटो नोको.

गुणाबाई : साहेब काऊन म्हनतं? मामाजी इंजन चालवत, अन् त्यायच्या डाव्या अंगाले उभं राहून जन्म काढला त्या माणसानं. कोळसा मारता मारता खांदा गेला. छोट्या लाईनचं इंजन शेडमधून शेवटचं निघालं, त्या दिवशी इसरूभाऊ लेकरावानी रडले. तं ह्यायनं सांगतलं, रडू नोको, तुह्यासाठी इंजन करतो अन् तुह्या गावी आनून देतो. नोकरी संपल्यावर बसले करत. चाकं झाली, दांडे झाले, अन् हेच गेले. म्हून तं माह्यं गोड बंद आहे. इसरूभाऊच्या हाती इंजन पडन, तेव्हाच तोंडात घालीन.

प्रफुल : तुमच्या त्या नेमापायी मलेच तुमच्यासमोर जिलेबी घशाखाली उतरत नाई. आली पाहा आमची बाई. कोणाचा ब्लाऊज अर्धा टाकून आली व?

दिव्यानी : पाटलीणबाईचा. एकच बाही झाली, बसल्या आहेत दुकानात. मामीजी, हा घ्या तुमचा फोन. रिचार्ज होताबरोबर वाजला. पोंभुर्ण्याकडून बुधरीबाई होत्या, इसरूमामाच्या सून. तुम्ही नव्हत्या, म्हणून मीच बोलली.

गुणाबाई : बरे आहेत ना सगळे?

दिव्यानी : घर आवरून राह्यले. मोठा मुलगा मंचेरियालले आहे ना, त्याच्याकडे चालले इसरूमामा, कायमचे. परवा सकाळी गाडी येणार आहे न्यायले. इंजन आणाचं असन तं उद्याच आणा म्हणाल्या.

प्रफुल : मंग उद्या. त्यात काय? सकाळपर्यंत वार्निश वाळते.

दिव्यानी : अजून एक आहे. तुम्ही आधी खाली बसा.

प्रफुल : काऊन? फोटो आवडले नाई?

दिव्यानी : फोटो त्यायनं पाह्यलेच नाई. पोळ्यापासून त्यायले दिसत नाई. काचबिंदू होता, कोणाच्या ध्यानात आला नाई, दोन्ही डोळे गेले. बुधरीबाई फोटो समोर धरून सांगत होत्या, बाबा, काळं आहे, पुढं दिवा आहे. तं म्हणाले, राहू दे, आल्यावर हातानं पाहीन. अन् वडस्याले सांगू नोको म्हणाले. वहिनीले वाईट वाटन म्हणे.

प्रफुल : हे देवा.

गुणाबाई : प्रफुल, आन ते इंजन इकडे.

प्रफुल : मामी, वार्निश...

गुणाबाई : आन, बापा.

दिव्यानी : डोळे काऊन मिटले, मामीजी?

गुणाबाई : बोलू नोको जराशी. हे चाक. हा दांडा, हालते. हे तुह्या मामाजीचं काम, लगेच कळते. अन् हे... हे बॉयलर का? घासून पालथ्या घातलेल्या पितळी गुंडावानी लागते रे. रिव्हेट कुठी आहेत?

प्रफुल : तुमच्या बोटाखालीच आहेत.

गुणाबाई : नाई लागत.

प्रफुल : कसे लागतील? रंगाचे आहेत ते. हाताची दांडी रंगाची, पायरी रंगाची, भट्टीचं दार रंगाचं, आतला जाळही रंगाचा. आमचं काम म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकाचे पडदे, मामी. राजाचा महाल असते, त्याले खिडकी नसते, खिडकीचा रंग असते. पब्लिक दुरून पाह्यते अन् टाळी देते. हात लावाले कोणी येतच नाई.

दिव्यानी : पण इसरूमामाले कोणत्या रांगेत बसवणार?

प्रफुल : तू हास.

दिव्यानी : हासत नाई. विचारून राह्यली.

प्रफुल : उद्या कुरखेड्याले प्रयोग आहे. आज संध्याकाळी पडदे गाडीत लादाचे आहेत. मॅनेजर दोनदा बोलावून गेला. दिवाळीपासून जे केलं, ते एका दुपारी परत कसं होईन? इसरूमामानं आधी सांगाचं होतं.

गुणाबाई : नाई होत तं नाई, बापा. तुह्यं पोट आहे त्यावर. आहे तसंच नेते. मी बाजूले बसीन अन् सांगीन, भाऊ, इथी रिव्हेट आहे, इथी दांडी आहे.

प्रफुल : अन् ते काय म्हणतील?

गुणाबाई : हो म्हनतील. माणूस चांगला आहे.

प्रफुल : हो म्हणतील, तेच तं वाईट आहे. दिव्यानी, पाहून नोको राहू माह्याकडे. मॅनेजरले फोन लाव अन् सांग, प्रफुल दिवे लागताबरोबर येतो, तोपर्यंत दुसरा माणूस पाह्य. अन् हे सांग, तुह्याकडे ब्लाऊजले लावाचे बारीक मोती आहेत ना?

दिव्यानी : आहेत. पण ह्या मापावर लावले तं इंजनाले गोवर आल्यावानी दिसन. म्हणजे, लागन.

प्रफुल : मोहरी?

दिव्यानी : तीही जाडच.

गुणाबाई : हे चालते का पाह्य बरं.

प्रफुल : राजगिरा. ... मामी, हा तं मापाचाच आहे. एकदम फिट. पण उद्या तुमची चतुर्थी. डब्यात एवढाच दिसते.

गुणाबाई : केळ खाईन. गणपतीले इंजनाचं सांगतलं आहे मी, तो समजून घेते.

दिव्यानी : उपासाचं इंजन. मंचेरियालचे उंदीर एकादशीले फराळ करतील त्याचा.

प्रफुल : वरून वार्निशचा हात दिला की दातही नाई लागत. राजाच्या मुकुटाचे मणी असेच बसवतो मी. सुईच्या टोकानं फेविकॉल, त्यावर एक दाणा, अन् फुंकर नाई माराची. हाताच्या दांडीले दाभण चालन. पायऱ्या पत्र्याच्या कापतो. अन् पाटीवरचे आकडे, ते उठून आले पाहिजेत बोटाले.

दिव्यानी : ब्लाऊजच्या गळ्याले लावतो ती बारीक दोरी देते. आकडे मीच वळवून देते, तुमचा आठ नेहमी तिरपा येते.

गुणाबाई : केबिनीच्या डाव्या अंगाले एक आकडी होती. आतून. इसरूभाऊ तिले शिदोरीची पिशवी टांगत. वैनगंगेच्या पुलावरून गाडी जाये तं पिशवी झोका घेये, अन् हे म्हनत, इसरू, तुही भाकर नदी पाहून राह्यली.

दिव्यानी : हे घ्या. ब्लाऊजचा हूक. पाकीटभर आहेत, एक इसरूमामाच्या भाकरीले.

प्रफुल : सगळं झालं, पण भट्टीचं दार. ते उघडलं पाहिजे अन् मिटलं पाहिजे. इसरूमामाचा हात सगळ्यात आधी तिथीच जाईन, जन्मभर तेच केलं त्यायनं. एवढंसं बिजागरीवालं काही... कानातल्याची डबी आहे का कोणाकडे?

दिव्यानी : माह्यी प्लास्टिकची आहे.

प्रफुल : धातूचं पाहिजे. थंड लागलं पाहिजे.

गुणाबाई : देवाजवळच्या फळीवर पाह्य. मामाजीच्या फोटोमांगं.

प्रफुल : मामी, ही तं मामाजीची चुन्याची डबी आहे.

गुणाबाई : हो.

प्रफुल : तुम्ही रोज पुसता हिले. फोटो पुसाच्या आधी हिले पुसता.

गुणाबाई : रोज पुसते, म्हून तं बिजागरी जाम झाली नाई. झाकन पाह्य कसं उघडते. दोघंही ह्याच डबीतला चुना घेत. गाडी सिग्नलले उभी राह्यली की हे न बोलता डबी मांगं करत, अन् इसरूभाऊ न बोलता अंगठा लावत. त्याच अंगठ्यानं ओळखतील ते.

दिव्यानी : पण मामीजी, तुमच्याजवळ त्यायचं दुसरं काय राह्यलं?

गुणाबाई : असं काऊन म्हनतं? घर राह्यलं, तुम्ही राह्यले. त्यायनं देलेला शब्द राह्यला आहे, तो पहिले पोहोचू दे.

प्रफुल : कापावी लागन. कापली की परत जोडता नाई येत.

गुणाबाई : काप.

प्रफुल : तुम्ही तिकडे तोंड करा मंग.

गुणाबाई : नाई. पाहून राह्यली मी. हळू काप, हात कापून घेशीन.

दिव्यानी : मी पाटलीणबाईले सांगून येते, दुसरी बाही उद्या. तशाच जा म्हणते एका बाहीनं.

प्रफुल : मामी, हा सारा रंग खरडून टाकू का? कामाचाच नाई राह्यला आता.

गुणाबाई : नोको रे. राहू दे. रस्त्यानं मले पाह्याले होईन. गंज सुरेख काढला तू. खरंच.

प्रफुल : आज दोनदा सुरेख म्हणाल्या, मामी. काय झालं तुमच्या नेमाले?

(दुसऱ्या दिवशी सकाळी. वडसा स्टेशन.)

प्रफुल : मूल स्टेशनले उतराचं. तिथून पोंभुर्ण्याची बस. मांगच्या सीटवर नोका बसू, आदळते. अन् पिशवी मांडीवरच, कोणी म्हणलं वर ठेवा तरी नाई.

गुणाबाई : मूलले मी तुह्या जन्माच्या आधीपासून जाऊन राह्यली, बापा.

दिव्यानी : पिशवीले आतून दुहेरी अस्तर लावलं आहे, मामीजी. अन् ह्या डब्यात शिरा. रात्री चंद्र निघाला की बुधरीबाईच्या अंगणातच उपास सोडा.

गुणाबाई : चंद्र निघन तो निघन. आधी इंजन त्यायच्या हाती, मंग शिरा. आम्ही दोघंही खाऊ. इसरूभाऊले गोड लय आवडते.

दिव्यानी : अन् ह्यायचं ऐकलं का? सकाळी माह्यी ओढणी डोळ्याले बांधून बसले होते, इंजन चाचपत. मी चहा ठेवाले गेली, तं माह्याच कोपराले म्हणतात, हा रिव्हेट कुठून आला?

प्रफुल : तपासून राह्यलो होतो. बरं झालं तपासलं, पायरीजवळचा एक दाणा निघाला होता. अन् मामी, डोळे बांधल्यावर एक गोष्ट कळली. मामाजीनं चाकाच्या आतल्या अंगालेही कानस मारली आहे. तिथी कधी कोणाची नजर जाणार नव्हती.

गुणाबाई : नजर नाई जात. हात जाते.

प्रफुल : मी आलो असतो संगं. पण मॅनेजर आता मलेच पडद्यावर टांगन.

गुणाबाई : तू प्रयोग कर. तुह्यं काम येऊनच राह्यलं माह्या मांडीवर. चाल, गाडी दिसली. पिशवी दे.

दिव्यानी : हळू चढा, मामीजी. पदर सांभाळा.

प्रफुल : मामी, इसरूमामा काय म्हणतात, ते फोन करून सांगजा. जे म्हणतील ते. वाईट म्हणाले तरी सांगजा.

गुणाबाई : ते काई बोलनार नाईत, बापा. त्यायचा हात कुठी थांबते, तेवढं पाहून येते.