सासूबाईंच्या मापाचा ब्लाउज

अगं बायांनो, नणंदेच्या लग्नातल्या माझ्या ज्या मोरपंखी ब्लाउजचं तुम्ही इतकं कौतुक करता ना, त्याची भानगड ऐका.

बाळंतपणानंतर माझा एकही ब्लाउज अंगात जाईना. आमच्या अन्नपूर्णा सोसायटीतल्या टेलर दीदीला माप द्यायचं म्हणजे यार, ती चार बायकांसमोर आकडे मोठ्यानं सांगते! म्हणून मी सासूबाईंच्या कपाटातला एक ब्लाउज गुपचूप काढला आणि माझाच म्हणून मापाला पाठवून दिला. नवा शिवून आला तो एकदम परफेक्ट.

लग्नाच्या सकाळी सासूबाई माझ्या पदराला पिन लावत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "टेलर दीदीचा फोन आला होता. म्हणे, भाभीजी, ये नाप का ब्लाउज तो आपका है, बहू इतनी भर गई क्या?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसंबसं विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नई नई, मेरे लिए ही सिलवाना है."

पिन लावून त्यांनी पदर सारखा केला.

"आता संध्याकाळी रिसेप्शनला हा मला घालायला दे. दीदीलाही जेवायला बोलावलंय."